इंजिनालाही वारा लागतो!

धावणारी मोटरसायकल आपला वारा आपणच तयार करते. ती थांबली की वाराही थांबतो, इंजिनाची आग मात्र चालूच राहते. ‘गाडी तापते’ या तक्रारींपैकी बऱ्याचशा तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत असते.

बंगळुरूच्या जयनगर भागातून एका वाचक भगिनींनी विचारले आहे: ‘मुलाने हौसेने जुनी परदेशी बनावटीची एन्ड्युरो मोटरसायकल घेतली आहे. रस्त्यावर ती चालवायची नाही, टेम्पोत चढवून कोलारच्या बाजूला ट्रॅकवर न्यायची, एवढे तो पाळतो. पण चढावर हळूहळू चालवताना गाडी उकळते आणि वाफ बाहेर पडते. आता म्हणतो, रेडिएटरला विजेचा पंखा लावतो. दोन रविवार गॅलरीत वायरी पसरून बसला आहे. वर पेट्रोलची टाकी आणि खाली वायरी! आग तर लागणार नाही ना? त्याला करू द्यावे, की हात धरावा?’

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. पण हात धरू नका. काम करण्याजोगे आहे, उपयोगाचे आहे आणि नीट केले तर मुळीच धोक्याचे नाही. ‘नीट’ म्हणजे काय, ते सांगण्यासाठीच आजचे पान. चिरंजीवांना ते जरूर वाचायला द्या.

बंगळूर आणि मातीतल्या गाड्या

शहाजीराजांची जहागीर असलेले हे गाव आज मोटरसायकलींच्या शौकासाठी देशभर ओळखले जाते. २०१५ च्या डकार रॅलीत मोटरसायकल घेऊन उतरलेला पहिला भारतीय सी. एस. संतोष हा बंगळूरचाच. दक्षिण अमेरिकेतल्या त्या जीवघेण्या शर्यतीत पहिल्याच प्रयत्नात तो ३६ वा आला. पुढे कोलारजवळ त्याने मातीतल्या मोटरसायकलिंगचे प्रशिक्षण केंद्र उभे केले. तरुण मुले शनिवार-रविवार गाठून अशा ठिकाणी शिकायला जातात, कोणी सकलेशपूरच्या कॉफीच्या मळ्यांतल्या वाटांवर जातात. भरधाव वेगापेक्षा तोल, धीर आणि क्लचवरचा हात शिकवणारा हा खेळ आहे.

इथेच गाडी तापते. मोटोक्रॉस आणि एन्ड्युरो जातीच्या गाड्या हलक्या हव्यात, म्हणून कारखान्यात त्यांच्यावरचा एकेक ग्रॅम कमी केलेला असतो. शर्यतीत गाडी सतत पळणार, वारा मिळत राहणार, असे गृहीत धरून त्यातल्या कित्येक गाड्यांना पंखा दिलेलाच नसतो. पण आपला गडी दगडांच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, माणसाच्या चालीने गाडी नेतो. इंजिन जोरात फिरते, वारा मात्र नावालाही नाही. मग पाणी उकळणार नाही तर काय होणार?

कुकरचे शास्त्र

आपल्या जुन्या गाड्यांना ही भानगड नव्हती. बुलेट, राजदूत आणि म्हैसूरला १९९६ पर्यंत बनणारी येझदी या साऱ्यांच्या इंजिनाला धातूच्या पट्ट्या असत आणि त्यांवरून जाणारा वारा उष्णता घेऊन जाई. बजाज चेतकचे इंजिन पत्र्याआड झाकलेले, तिथे वारा पोचणार कसा? म्हणून तिच्या फ्लायव्हीललाच पाती होती. इंजिन फिरले की पंखाही फिरे, त्याला वेगळी वीज लागत नसे. अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी या मोटारींत रेडिएटरमागचा पंखा पट्ट्यावर चाले. मारुती ८०० घराघरांत आली, तेव्हा अनेकांनी प्रथमच गरज पडेल तेव्हा आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा पाहिला. गाडी बंद केल्यावरही समोरून घर्रर्र आवाज आला, की नवे मालक घाबरून गॅरेज गाठत!

मोटरसायकलींत पाण्याने थंड होणारे इंजिन आपल्याकडे रुळले ते अलीकडे. २००८ ची यामाहा आर-१५, २०१२ पासून चाकणला बनणारी केटीएम ड्यूक, २०२३ ची रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५० ही त्यांतली ठळक नावे. रस्त्यासाठी बनवलेल्या या गाड्यांना कंपनीच पंखा बसवून देते, कारण तिला सिग्नल माहीत असतात.

पेट्रोलमधल्या उष्णतेचा फार तर एक तृतीयांश भाग चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता सायलेन्सरवाटे आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावी लागते. इंजिनाभोवती फिरणारे कूलंट ती उचलते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणते आणि नळ्यांमधल्या जाळीतून जाणाऱ्या हवेला देऊन टाकते. हवा हलली नाही, तर देणार कोणाला?

आता कुकर आठवा. उघड्या पातेल्यातले पाणी समुद्रकाठी १०० अंशांना उकळते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, म्हणून तिथे ते ९७ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या भांड्यातली डाळ शिजायला थोडा जास्त वेळ घेते. कुकरचे झाकण लावले, दाब वाढला, की तेच पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापते. रेडिएटरचे झाकण हा असाच एक छोटा कुकर आहे. त्यावर बहुधा १.१ असा आकडा असतो. इतक्या बार दाबापर्यंत ते पाण्याला कोंडून ठेवते. त्यात पाणी आणि ग्लायकॉल निम्मे निम्मे असले, तर उकळबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. त्यापलीकडे गेले, की झाकणाची स्प्रिंग उचलली जाते आणि कूलंट बाहेर फेकले जाते. ताईंनी पाहिलेली वाफ ती हीच.

एकदा का कूलंट कमी झाले, की उरलेले आणखी लवकर तापते. दुर्लक्ष केले तर हेड गॅस्केट जाते, हेड वाकडे होते आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला चिकटतो. म्हणजे इंजिन ‘बसते’. परदेशी गाडीच्या बाबतीत हा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकतो.

म्हणून पहिली सूचना मोठ्या अक्षरांत वाचावी: गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण तुम्ही उघडाल का? वरून पाणी ओतण्याची घाईही नको. गाडी बंद करावी, सावलीत लावावी आणि जाळीवर हात ठेवता येईल इतकी थंड होऊ द्यावी.

पंख्याआधी हे पाहा

ताप आला की थेट औषध घेऊ नये, आधी कारण शोधावे. इथेही तसेच आहे.

रेडिएटरची जाळी स्वच्छ आहे का? कोलारकडची तांबडी माती चिखल होऊन जाळीत बसली आणि वाळली, की तिची वीटच होते. पाण्याची साधी नळी आणि मऊ ब्रश घेऊन मागून पुढे धुवावी. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारला, तर पातळ पत्र्याच्या पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. वाकलेल्या पट्ट्या लहान स्क्रूड्रायव्हरने हलकेच सरळ करता येतात.

कूलंट किती जुने आहे? नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी घातले असेल, तर त्यातले क्षार आत बसतात, जसे चहाच्या किटलीत बसतात. तयार कूलंट वापरावे. स्वतः मिसळायचे तर बॅटरीत घालतात तेच डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. इथे घरातल्या सर्वांसाठी एक इशारा. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते. ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. जमिनीवर सांडलेले लगेच पुसा, मुले किंवा मांजर-कुत्री तिथे जायला नकोत.

झाकणाचे रबर चिरलेले नाही ना? पाण्याचा पंप फिरतो ना, त्याच्या सीलमधून थेंब पडत नाहीत ना? पेट्रोल-हवेचे मिश्रण फार विरळ झालेले नाही ना? यातले काही बिघडले असेल, तर पंखा फक्त दोष झाकतो आणि दुखणे आत वाढत जाते. काही मुले जास्त दाबाचे झाकण बसवतात. त्याने गाडी थंड होत नाही, उकळणे पुढे ढकलले जाते एवढेच. शिवाय पाइप आणि सांधे यांच्यावर जादा ताण येतो.

हे सारे ठीक असूनही हळू चालवताना गाडी उकळत असेल, तर पंख्याला पर्याय नाही.

विजेचा जमाखर्च

घरात एसी घेण्यापूर्वी मीटर झेपेल का, हे आपण विचारतो. मोटरसायकलीतही तेच. रेडिएटरच्या मागे बसणारा लहान पंखा १२ व्होल्टवर साधारण ३ अ‍ॅम्पिअर वीज घेतो. १२ गुणिले ३ म्हणजे ३६ वॅट. आकडा छोटा वाटतो. पण समजा गाडीच्या मॅग्नेटोची कमाई १०० वॅट आहे. त्यातले हेडलाइटला ३५, मागच्या दिव्याला ५, इग्निशन आणि पेट्रोल-पंपाला ४० गेले. शिल्लक २०. पंख्याला हवेत ३६. म्हणजे १६ वॅटची तूट. ही तूट बॅटरी भरून काढते. ४ अ‍ॅम्पिअर-तासांची लहान बॅटरी अशा तुटीवर कागदोपत्री ३ तास टिकेल.

पण खरी गंमत पुढेच आहे. आयडलिंगला मॅग्नेटोची कमाई निम्म्यावर येऊ शकते आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हाच असते. कमाई ५० आणि खर्च ११६ झाला, तर तीच बॅटरी पाऊण तासही तग धरणार नाही. सेल्फ-स्टार्टर तर त्याच्या कितीतरी आधी ‘टिक टिक’ करून नकार देईल. उपाय सोपा आहे. ३५ वॅटच्या दिव्याजागी १५ वॅटचा एलईडी लावला, की २० वॅट वाचतात आणि गाडी चालू असताना हिशेब जमतो. पंखा सतत फिरत नाही, हीदेखील जमेची बाजू.

जुन्या किक-स्टार्ट गाड्यांत आणखी एक पाचर असते. त्यांच्यात बॅटरीच नसते आणि दिव्याला येणारी वीज एसी, म्हणजे दिशा बदलणारी असते. दिव्याला ती चालते, पंख्याच्या डीसी मोटरला चालत नाही. तिथे रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवून एसीची डीसी करावी लागते, आणि पूर्ण शक्ती हवी असेल तर मॅग्नेटोच्या वेटोळ्याचे चॅसिसशी जोडलेले टोक सोडवून वेगळे बाहेर आणावे लागते. हे काम जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. गॅलरीतला रविवार त्याला पुरणार नाही.

बाजाराची यादी

बंगळूरकरांना सामानासाठी लांब जायला नको. मोटारींच्या सुट्या भागांसाठी जे. सी. रोड आणि विजेच्या सामानासाठी एस. पी. रोड. यादी अशी: रेडिएटरच्या मापाचा १२ व्होल्टचा पंखा, कूलंटच्या तापमानावर चालणारा थर्मोस्विच आणि तो पाइपात बसवायचा अ‍ॅल्युमिनियमचा जोड, चार पायांचा १२ व्होल्ट रिले, पाणी न शिरणारा फ्यूज-होल्डर आणि ५ व ७.५ अ‍ॅम्पिअरचे फ्यूज. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची, बारीक तारांची ऑटो वायर लाल आणि काळी. स्विचसाठी पाऊण स्क्वेअर एमएमची. लग, पाणबंद कनेक्टर, तापवल्यावर आक्रसणारी स्लीव्ह, केबल टाय आणि एक साधा मल्टिमीटर. घरगुती वायरिंगची जाड एकतारी वायर आणू नये. गाडीच्या थरथरीने ती तुटते.

जोडणी: एकेक पायरी

पहिली गोष्ट पंख्याची जागा. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसतो आणि समोरची हवा जाळीतून ओढून मागे टाकतो. पाती जाळीला घासू नयेत. हँडल दोन्ही टोकांना वळवून आणि पुढचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर दाबून कुठे काही लागत नाही ना, ते पाहावे. पंखा जाळीत प्लास्टिकचे खिळे खुपसून लटकवू नये, रेडिएटरच्या कडेच्या मजबूत पट्टीला क्लॅम्पने धरावा.

दिशा तपासायची युक्ती अशी: पंखा सुरू करून रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो जाळीला चिकटला, तर दिशा बरोबर. उडून लांब गेला, तर लाल-काळी वायर उलटी लागली आहे. उलटा पंखा येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत बसतो.

दुसरी गोष्ट थर्मोस्विच. इंजिनातून रेडिएटरकडे येणाऱ्या गरम पाइपाचा छोटा तुकडा कापून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा जोड बसवतात आणि स्विच त्यात घट्ट करतात. स्विचवर छापलेले तापमान बघून घ्यावे. फार कमी अंशांचा घेतला तर पंखा दिवसभर फिरेल, फार जास्त अंशांचा घेतला तर वरातीमागून घोडे. साधारण ९५ ते १०० अंशांना लागणारा स्विच या कामाला बरा.

इथे एक खाच आहे. काही स्विचना एकच टोक असते आणि त्यांचे धातूचे अंगच दुसरे टोक म्हणून काम करते. पण आपला जोड तर दोन्ही बाजूंनी रबरी पाइपात अडकलेला! त्याला चॅसिस लागणार कोठून? मग सारे बरोबर जोडूनही पंखा फिरत नाही आणि मुलगा डोके धरून बसतो. त्या जोडाला स्वतंत्र काळी वायर लावून ती चॅसिसला नेली, की काम झाले. दोन टोकांचा स्विच घेतला, तर हा प्रश्नच येत नाही.

तिसरी गोष्ट रिले. हा आपला द्वारपाल. थर्मोस्विचची नाजूक टोके पंख्याचा सारा प्रवाह वाहू लागली, तर लवकर जळतात. म्हणून स्विचने फक्त रिलेला इशारा करायचा आणि जड काम रिलेने करायचे. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे इंग्रजीत कोरलेले असतात.

बॅटरीच्या धन टोकावरून निघालेली लाल वायर आधी फ्यूजमध्ये जाईल, तिथून ३० क्रमांकाला. ८७ वरून लाल वायर पंख्याला. पंख्याची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला. ही झाली मोठ्या प्रवाहाची वाट.

इशाऱ्याची वाट वेगळी. गाडी चालू असतानाच ज्या वायरीत वीज असते, त्या वायरीवरून ८६ ला जोड द्यायचा. रस्त्यावरच्या गाडीत ती वायर किल्लीनंतरची असते. स्पर्धेच्या गाडीला बहुधा किल्लीच नसते, तिथे हेडलाइटची डीसी वायर चालेल. ८५ वरून निघालेली वायर थर्मोस्विचला आणि तिथून चॅसिसला. रिलेमध्ये डायोड असेल, तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

थर्मोस्विचच्या बरोबरीने हँडलवर एक साधे बटण जोडले, तर मोठा चढ येण्याआधीच पंखा सुरू करता येतो. आणि ८६ कडे येणाऱ्या वायरीत एक ‘बंद’चे बटण ठेवले, तर ओढा ओलांडताना पंखा थांबवता येतो. सकलेशपूरकडे जाणाऱ्यांनी हे नक्की करावे. फिरती पाती एकदम पाण्यात बुडाली, तर वाकून जाळीत घुसू शकतात.

पंखा थेट बॅटरीवर ठेवून गाडी बंद झाल्यावरही फिरता ठेवावा, असे काहींना वाटते. लहान बॅटरीच्या गाडीत तसे करू नये. इंजिन थांबले की पाण्याचा पंपही थांबतो. मग पंखा फक्त रेडिएटरमधले पाणी थंड करत बसतो, इंजिनातले नाही. आणि सकाळी बॅटरी झोपलेली!

आग लागते कशी, टळते कशी

आता ताईंच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. पंख्यामुळे आग लागत नाही, सोललेल्या वायरीमुळे लागते. धन वायर कुठे घासून चॅसिसला टेकली, तर बॅटरी आपली सारी ताकद त्या एका वायरीत ओतते. बॅटरी लहान दिसली, तरी स्टार्टर फिरवण्याइतका जबरदस्त प्रवाह ती क्षणात देऊ शकते. वायर लाल होते, तिचे प्लास्टिक पेटते आणि शेजारीच पेट्रोलची टाकी असते.

हे टाळणारा एकमेव राखणदार म्हणजे फ्यूज. त्याची जागा बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवी. पंख्याजवळ फ्यूज लावून मधली हातभर वायर उघडी ठेवली, तर त्या वायरीला वाली कोण? फ्यूज पंख्याचे नव्हे, वायरीचे रक्षण करतो. ३ अ‍ॅम्पिअरच्या पंख्याला ५ चा फ्यूज पुरेसा. सुरू होतानाच्या झटक्याने तो जात असेल, तर ७.५ चा लावावा. दीड स्क्वेअर एमएमची वायर हे सहज पेलते. ५ चा फ्यूज फिकट तपकिरी, ७.५ चा गडद तपकिरी, १० चा लाल आणि १५ चा निळा असतो. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर तो काहीतरी सांगतो आहे, ते ऐकावे. ३० चा हिरवा फ्यूज घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे होय.

काही गॅरेजांत हेडलाइटची वायर सोलून तिलाच पंखा पिळून देतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. चार दिवस छान चालते. मग उन्हाने टेपचा गोंद सुटतो, चिखलपाणी आत शिरते, तांबे हिरवे पडते. असा जोड आधी तापतो, मग जळतो. जोड लग दाबून किंवा सोल्डर करून द्यावा, त्यावर स्लीव्ह चढवावी, आणि सोल्डर केलेली जागा हलणार नाही अशी बांधावी.

वायरीची वाट ठरवताना दोन शत्रू लक्षात ठेवावेत. एक सायलेन्सरचा पाइप, त्याच्यापासून चार बोटे तरी दूर. दुसरा हँडलचा सांधा. हँडल हजारदा वळते, तिथे वायर ताणली किंवा चिमटली जाता कामा नये. टाकीखालून जाणारी वायर स्लीव्हमध्ये घालून चॅसिसच्या नळीला बांधावी. आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, शेवटी तेच सर्वात नंतर जोडावे. टाकी काढायची वेळ आली, तर ती गॅलरीत देवघराच्या किंवा गॅसच्या शेजारी ठेवू नये. हेही सांगावे लागते!

पंखा आहे, पण फिरत नाही?

ज्यांच्या गाडीला कंपनीचा पंखा आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. टॉमटॉम या कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत बंगळूरच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होती आणि जगातल्या मंद शहरांत त्याचा दुसरा क्रमांक होता. सिल्क बोर्डच्या चौकात ज्यांनी संध्याकाळ काढली आहे, त्यांना हे सांगायला पाहणीची गरज नाही. अशा वाहतुकीत पंखा बंद पडला, तर पाच-दहा मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो.

आधी फ्यूज बघा. मग शेजारचा तसाच रिले काढून इथे लावून बघा. मग पंख्याचे कनेक्टर सोडवून त्याला थेट बॅटरीची वीज द्या. फिरला तर पंखा चांगला, दोष थर्मोस्विचमध्ये किंवा वायरीत. नाही फिरला तर हाताने, बॅटरी सोडवलेली असताना, पाती फिरवून पाहा. चिखलाने जाम झालेला पंखा नुसत्या सफाईने जिवंत होतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर मात्र वायरीला हात न लावता सर्व्हिस सेंटरला न्यावी, कारण कापलेली वायर दिसली की हमी नाकारली जाऊ शकते.

आणि कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. केवळ स्पर्धेसाठी बनलेली, नोंदणी नसलेली गाडी तर सार्वजनिक रस्त्यावर आणूच नये. पंखा लावला म्हणून ती रस्त्याची होत नाही.

शेवटची परीक्षा

जोडणी झाली की मोकळ्या, हवेशीर जागी गाडी सुरू करून उभी ठेवावी. बंद पार्किंगमध्ये नको, धूर जीव घेतो. एक जण गाडीपाशी, एक जण बॅटरीपाशी. मल्टिमीटर बॅटरीवर ठेवून पंखा सुरू होण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवावा. इंजिन जरा वाढवल्यावर पंखा चालू असताना १३ च्या वर व्होल्ट दिसले, तर जमाखर्च जुळला. १२ च्या खाली घसरत गेले, तर दिवा बदलल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नये. पंखा आपोआप लागला पाहिजे, दोन-तीन मिनिटांनी आपोआप थांबला पाहिजे आणि पुन्हा लागला पाहिजे. असे तीन वेळा झाले, की परीक्षा पास. मग बंद करून दर जोडावर हात फिरवावा. वायर कोमटही लागता कामा नये.

ताई, मुलाने बाजारातून काय आणले ते विचारा. यादीत फ्यूज नसेल, तर वायरी कपाटात ठेवायला सांगा. फ्यूज असेल आणि तो बॅटरीलगत लागणार असेल, तर त्याला एक कप चहा नेऊन द्या. स्वतःच्या हाताने एक सर्किट समजून घेतलेला मुलगा पुढे घरातला इस्त्रीचा प्लग, मिक्सरची वायर आणि मेन स्विच यांच्याकडेही वेगळ्या नजरेने पाहतो. ट्रॅकवर गाडी थंड राहील, हा फायदा तर आहेच.